घरून आणला की इथंच लागला?

(‘पत्रास कारण की’ हे आमचं तब्येतीचं सदर. उत्तरं देणाऱ्या डॉक्टरबाई नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत. पत्रं थोडी आखडती केली आहेत, नावं काढली आहेत.)

पत्र पहिलं

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी काटोल तालुक्यातून लिहिते. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. दिवाळीनंतर न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुबा मोडला. नागपूरला धंतोलीत एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. भरती केलं त्याच दिवशी सिस्टरनं नाकात आणि संडासच्या जागेत काडी फिरवून सॅम्पल घेतलं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला की पोटात औषधांना न जुमानणारे जंतू आहेत, क्लेबसिएला असं नाव होतं. लगेच वेगळी खोली, दाराला पिवळा कागद, आत जायचं तर गाऊन घाला. विचारलं तर म्हणाले, “हे तुम्ही घरून घेऊन आले.” आमचे मिस्टर भडकले. ते म्हणतात, यांनीच लावलं आणि आता आपल्या माथी मारून राहिले.

ऑपरेशन चांगलं झालं. आता घरी आहेत, वॉकर धरून चालतात. पण त्यांनी देवघरात जाणं सोडलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसतात. म्हणतात, माझ्या पोटात घाण आहे. नातू जवळ गेला तर हाकलतात. जाऊबाईंनी त्यांचं ताट-वाटी वेगळं काढलं.

हा जंतू किती लोकांत असतो? औषध देऊन काढता येत नाही का? तीन महिन्यांआधी लघवीच्या इन्फेक्शनसाठी त्या दुसऱ्या दवाखान्यात नऊ दिवस भरती होत्या, नळी टाकली होती, महागाची इंजेक्शनं दिली होती. तिथून तर नसेल लागला?
— एक सून

उत्तर

सूनबाई, आधी उठा आणि सासूबाईंचं ताट-वाटी घरच्या भांड्यांत परत ठेवा. बाकीचं मग वाचा.

ठेवलं? आता माझी एक गोष्ट सांगते, ती त्यांनाही वाचून दाखवा. २०१० च्या ऑगस्टमध्ये ‘एनडीएम-१’ या नावावरून देशभर गदारोळ झाला होता. त्याच्या आदल्या वर्षी हे नाव छापून आलं होतं. भारतीय वंशाचे एक स्वीडिश गृहस्थ दिल्लीत दवाखान्यात राहून परत गेले. त्यांच्या लघवीत जो क्लेबसिएला सापडला, त्याच्यातल्या औषधतोड्या विकराला (एन्झाइमला) संशोधकांनी दिल्लीचं नाव दिलं. पेपरात रोज त्यावर भांडण. प्रॅक्टिकलला एका पोरानं विचारलं, “मॅडम, आपल्यात पण असेल का हो?” मी म्हटलं, विचारतोस कशाला, बघू. दुसऱ्या दिवशी माझ्याच विष्ठेचं सॅम्पल जंतू वाढवायच्या प्लेटवर लावलं, कुणाचं आहे ते न सांगता. सकाळी इन्क्युबेटर उघडला तर प्लेटभर गुलाबी वसाहती, ई. कोलायच्या. त्यात नवल काहीच नाही, तो सगळ्यांच्याच पोटात असतो. नवल पुढं झालं. सेफोटॅक्सिम या औषधाची चकती ठेवली, तर तिच्या कडेला चिकटून जंतू वाढलेले. औषधाच्या भोवती जे मोकळं कडं दिसायला हवं, ते नव्हतंच. त्याच चकतीत क्लॅव्ह्युलॅनेट, म्हणजे विकराला निकामी करणारं रसायन, घातलं की मात्र कडं स्वच्छ उमटलं. या खुणेवरून ओळखायचं की जंतूकडे ‘ईएसबीएल’ आहे, म्हणजे सेफोटॅक्सिमसारखी इंजेक्शनं तोडून टाकणारं विकर.

एनडीएमइतकं घातक नाही, पण आहे त्याच घराण्यातलं. तोवर मी आयुष्यात बाळंतपणाखेरीज कधी भरती झालेली नव्हते. धरमपेठ ते कॉलेज आणि कॉलेज ते धरमपेठ, एवढाच माझा प्रवास. हात धुण्याचा तर मला रोगच आहे, घरचे त्यावरून हसतात. तरी होता. संध्याकाळी घरी जाऊन मी कणीक मळली, हात धुऊन, रोजच्यासारखी. पोरगा त्यावेळी बारावीत होता, त्यानं त्या पोळ्या खाल्ल्या आणि आता त्याची स्वतःची पोरं आहेत.

अशा माणसाला आम्ही ‘वाहक’ म्हणतो. जंतू अंगावर किंवा पोटात नुसता राहतो, त्रास देत नाही, ताप नाही, दुखणं नाही. आजार वेगळा. तोच जंतू आतड्यातून निघून लघवीच्या मार्गात, रक्तात किंवा जखमेत शिरला आणि तिथं धुमाकूळ घालू लागला की तो आजार. सासूबाईंच्या रिपोर्टवर बारीक अक्षरात ‘कोलोनायझेशन’, म्हणजे नुसती वस्ती, लिहिलेलं असेल, पाहा. तो शब्द कुणी समजावून सांगितला नाही, इथं सगळं बिनसलं.

तुम्ही काटोलकडच्या, म्हणून जंतू औषधाला का जुमानत नाहीत हे समजावायला मला वेगळी गोष्ट शोधावी लागत नाही. २००२ मध्ये बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीचा निकाल लागला असं सगळ्यांना वाटलं. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं त्याच बीटीची बोंडं पोखरली. बी बीटीचंच होतं, अळी बदलली होती. ज्या अळ्यांना ते विष बाधत नव्हतं त्या जगल्या, त्यांची प्रजा वाढली, बाकीच्या मेल्या. पोटातही असंच होतं. फक्त जंतूंकडे आणखी एक सोय आहे. औषध तोडण्याची कृती एका छोट्या गोल धाग्यावर लिहिलेली असते आणि तो धागा एक जंतू शेजारच्या जंतूला देऊ शकतो, अगदी जात वेगळी असली तरी. अळीला हे जमत नाही, हे आपलं नशीब.

आता तुमचा मुख्य प्रश्न: दवाखान्यात पाऊल ठेवणाऱ्या किती जणांत हे जंतू आधीच असतात?

याचं उत्तर एका आकड्यात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोणता जंतू, कुठून आलेला पेशंट, आणि शोधलं कसं, यावर सगळं ठरतं. नेदरलँड्समध्ये या शतकाच्या सुरुवातीला भरती होणाऱ्या ९,८५९ जणांची नाकं तपासली. त्यांत ‘एमआरएसए’, म्हणजे नाकात राहणारा हट्टी स्टॅफिलोकॉकस, फक्त तिघांकडे निघाला. दहा हजारांत तीन! तिथं अँटिबायोटिक जपून लिहितात आणि परदेशी दवाखान्यातून आलेल्या माणसाला तपासणी होईस्तोवर वेगळं ठेवतात. इंग्लंडनं २०१० अखेरपर्यंत जवळपास प्रत्येक भरतीला एमआरएसएची तपासणी लावली, तेव्हा साधारण दीड टक्का लोकांत सापडला. इतक्या थोड्यांसाठी सगळ्यांची नाकं तपासणं परवडेना, म्हणून २०१४ पासून ज्यांना धोका जास्त त्यांच्यापुरतंच करा असं ठरलं.

पण हे झालं नाकाचं आणि युरोपाचं. आपल्याकडे खरी गोष्ट आतड्यातली आहे. तिच्यासाठी मला सर्वांत बोलका वाटतो तो डच प्रवाशांचा अभ्यास, २०१७ मध्ये छापून आलेला. सुमारे दोन हजार लोक. प्रवासाला निघण्याआधी आणि आल्यावर त्यांची विष्ठा तपासली. जाताना ज्यांच्या पोटात ईएसबीएलचे जंतू नव्हते, त्यांच्यापैकी जगभरातून एक तृतीयांश लोक ते घेऊन परतले. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या बाजूला येऊन गेलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्के होतं. चारातले तीन! ही माणसं काही आयसीयूत झोपायला आली नव्हती. फिरली, जेवली, पाणी प्यायली, परत गेली. त्यांच्यातले साधारण निम्मे महिनाभरात आपोआप मोकळे झाले आणि वर्षभरानंतरही ज्यांच्यात राहिला असे अकरा टक्के.

आता उलटं पाहा. ताजबाग, इतवारी, काटोल, छिंदवाडा इथली माणसं दोन-तीन आठवड्यांसाठी येत नाहीत, जन्मापासून इथंच आहेत. पाहुणा चारातल्या तिघांच्या हिशेबानं घेऊन जातो, तर यजमानाच्या घरात काय असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा. शेजारच्या बांगलादेशात वस्तीत आणि दवाखान्यात मोजणी झाली, ती २०२३ मध्ये छापून आली. सेफोटॅक्सिमसारख्या वरच्या दर्जाच्या इंजेक्शनांना, म्हणजे सेफॅलोस्पोरिन्सना दाद न देणारे जंतू वस्तीतल्या ७८ टक्के आणि दवाखान्यातल्या ८२ टक्के लोकांत निघाले. फरक जवळपास नाही. पण मेरोपेनेमच्या घराण्यालाही, म्हणजे शेवटच्या फळीतल्या औषधांनाही न जुमानणारे जंतू वस्तीत नऊ टक्के आणि दवाखान्यात ३७ टक्के. हा फरक लक्षात ठेवा. सासूबाईंना वेगळी खोली दिली यावरून माझा तर्क असा की त्यांचा जंतू या दुसऱ्या गटातला असावा. रिपोर्टवर मेरोपेनेम आणि इमिपेनेमपुढं ‘आर’ (म्हणजे औषध लागू नाही) आहे का, तेवढं बघा.

इथं एक तक्रार मांडते. पेपरात मथळा येतो की अमुक टक्के क्लेबसिएला औषधांना पुरून उरतो, आणि लोकांना वाटतं की तेवढे टक्के माणसं आजारी आहेत. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, जाळं २०१३ पासून जे आकडे गोळा करतं, ते आजारी माणसांच्या रक्त-लघवीतून उगवलेल्या जंतूंचे असतात. शंभर माणसांत किती वाहक, याचं उत्तर त्यात शोधायचं नसतं. भाज्यांत किती कांदे आणि कांद्यांत किती सडके, हे दोन वेगळे हिशेब आहेत. कळमना मार्केटमधला हमालही यांत गल्लत करणार नाही, पण मथळे लिहिणारे करतात.

बरं, मोजण्याच्या पद्धतीनंही आकडा खालीवर होतो. स्वॅबला विष्ठेचा रंग लागलेला नसेल तर तो स्वॅब फुकट, आणि लाजेपोटी सिस्टर किंवा पेशंट घाई करतात तेव्हा असंच होतं. सरळ प्लेटवर लावलं तर कमी सापडतात. आधी एक रात्र पोषक पाण्यात वाढवून मग लावलं तर जास्त. म्हणून एकदा ‘निगेटिव्ह’ आलेल्यानं फार मिरवू नये.

मग कुणाच्या पोटात असण्याची शक्यता जास्त? दुसऱ्या दवाखान्यातून थेट रेफर होऊन आलेले, आणि नागपुरात हे बालाघाट, गडचिरोली, पार छत्तीसगडपासून रोज येत असतात. गेल्या वर्षभरात भरती राहिलेले. गेल्या तीन महिन्यांत तगडी अँटिबायोटिक घेतलेले. नळी असलेले, डायलिसिसवरचे, आयसीयूत राहिलेले. सासूबाईंच्या खात्यात यातल्या तीन गोष्टी जमा आहेत: नऊ दिवस, नळी, महागाची इंजेक्शनं. इंजेक्शनांनी पोटातले साधे जंतू मारले आणि दमदार उरले, म्हणजे वर सांगितलेली अळीची गोष्ट.

आता मिस्टरांना सांगा. रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची तारीख-वेळ असते. ते भरतीच्या दिवशीच घेतलेलं असेल, तर धंतोलीच्या दवाखान्यानं जंतू दिला असं म्हणता येणार नाही. आमच्याकडे ढोबळ नियम आहे: पहिल्या ४८ तासांत सापडलं ते सोबत आलेलं, नंतरचं ते इथलं. आधीच्या दवाखान्यातून आला असण्याची शक्यता बरीच वाटते, पण कोर्टात उभं राहून मी शपथ घेणार नाही. २०१० मध्ये दिल्लीत घेतलेले नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले तेव्हा दोनांत आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये एनडीएम-१ चं जनुक निघालं होतं. जिथं पाण्यातच आहे तिथं कुणा एकाकडे बोट कसं दाखवणार? आणि एक लक्षात घ्या, तुम्हाला हे कळलं कारण धंतोलीच्या लोकांनी तपासलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी भरतीच्या वेळी हे पाहतच नाहीत. जो तपासतो तो चोर आणि जो डोळे मिटून घेतो तो साव, हा हिशेब मला पटत नाही. पण “तुम्ही घेऊन आले” हे बोलणं चुकलंच. दमलेल्या माणसाच्या तोंडून निघालं असेल, तरी चुकलं. “सोबत आलाय, तुमचा काही दोष नाही” एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

वेगळी खोली आणि पिवळा कागद कशाला? वॉर्डात शेजारच्या खाटेवर कुणाच्या मानेत नळी असते, कुणाचं पोट उघडलेलं असतं, कुणी केमोवर असतो. जंतू स्वतः चालत जात नाही, सिस्टर-मावशींच्या हातांवर बसून जातो. इस्रायलमध्ये २००७ साली असाच एक क्लेबसिएला देशभर पसरला होता. त्यांनी प्रत्येक वाहकाला वेगळं ठेवणं आणि त्याच्यासाठी वेगळे कर्मचारी नेमणं सक्तीचं केलं, तेव्हा वर्षभरात नवे रुग्ण पाचाचे एकावर आले. तो कागद कर्मचाऱ्यांना हात धुण्याची आठवण करून देतो. तुमच्या घरी अशा नळ्या आणि उघड्या जखमा नाहीत, म्हणून घराच्या दाराला कागद लागत नाही.

औषध देऊन काढता येतो का? नाही, आणि कुणी देऊ लागलं तर घेऊ नका. पोटातल्या या जंतूसाठी अँटिबायोटिक दिलं की त्याचे शेजारी मरतात आणि त्यालाच मोकळं रान मिळतं. तो आपल्या वेळेनं जातो. इस्रायलमध्येच मोजलं तर सरासरी वर्षाहून थोडा अधिक काळ लागला, सुमारे ३८७ दिवस. वर्षानंतरही दर पाच जणांत दोघांकडे होताच. मधल्या काळात पुन्हा पुन्हा स्वॅब करून पैसे घालवू नका, घरच्यांचीही तपासणी नको.

भीती किती बाळगायची तेही सांगते, लपवून काय उपयोग. अशा जंतूचे वाहक दवाखान्यात भरती असताना साधारण सहापैकी एकाला त्याचा खरा आजार होतो, असं वेगवेगळे अभ्यास एकत्र मांडल्यावर दिसलं. घरी हिंडत्या-फिरत्या माणसाला धोका त्याहून पुष्कळ कमी. तरी सासूबाईंना थंडी वाजून ताप आला, लघवीला आग झाली, ऑपरेशनची जागा लाल झाली किंवा वाहू लागली, तर मेडिकलमधून गोळी आणून देऊ नका. (नागपुरात ‘मेडिकल’ म्हटलं की हॉस्पिटल की औषधाचं दुकान हे विचारावं लागतं. मी दुकानाबद्दल बोलते आहे.) डॉक्टरांकडे न्या आणि हा रिपोर्ट पहिल्यांदा पुढं करा, म्हणजे ते लागू न पडणाऱ्या इंजेक्शनात दोन दिवस घालवणार नाहीत. रिपोर्टची झेरॉक्स आधारकार्डाच्या पिशवीतच ठेवा. पुढं कधीही, कुठंही भरती केलं तर पहिल्या तासात सांगा.

घरात काय पाळायचं? संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात, नखं कापलेली. हे त्यांनी आणि तुम्ही सगळ्यांनी. त्यांना शी-शूला मदत करणाऱ्यानं नंतर हात नीट धुवायचे. कपडे नेहमीच्या साबणात, उन्हात वाळवा. नागपूरकडचं ऊन याच कामाचं. नातवाला मांडीवर बसवा.

आणि देवघराचं. सासूबाई, हे तुम्हालाच लिहिते. माणसाच्या पोटात साधारण ३८ लाख कोटी जंतू असतात, शरीराच्या स्वतःच्या पेशी जेवढ्या जवळपास तेवढेच. सोवळं नेसून पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या पोटात, तुमच्या दुसऱ्या सुनेच्या पोटात, माझ्या पोटात. त्यातले कोणते कोणत्या औषधाला घाबरतात याची यादी देवापुढं ठेवायची पद्धत माझ्या तरी ऐकिवात नाही. वॉकर उंबऱ्यावरून नेताना जपा, खुबा नवा आहे. गोळाभात तुमच्या हातचाच होऊ द्या.

पत्र दुसरं

मी आयसीयूत मावशी आहे. नवीन इन्चार्ज सिस्टर म्हणतात, अशा पेशंटचं करताना बांगड्या, अंगठी काढा. मी सवाष्ण आहे, हिरव्या बांगड्या कशा काढू? मी दोन-दोन ग्लोव्ह घालते, तेवढं पुरत नाही का?
— नंदनवन

उत्तर

मावशी, सिस्टर बरोबर सांगून राहिल्या. बांगड्या असल्या की मनगट धुतलं जात नाही, आणि पेशंटला कुशीवर वळवताना मनगटच सगळीकडे घासतं. अंगठीखाली तर जंतूंची वस्ती असते. ग्लोव्हचं म्हणाल तर, ग्लोव्ह घातलेला हात पेशंटला लागला, मग मॉनिटरला, मग दाराच्या कडीला, मग दुसऱ्या पेशंटला. तुमची कातडी वाचली, त्या दुसऱ्याचं काय? प्रत्येक पेशंटमागं ग्लोव्ह बदला, काढल्यावर हात चोळा. दोन घालून दुप्पट फायदा होत नाही, फक्त घाम येतो.

बांगड्यांचं मला कळतं. माझ्या लॅबमध्ये एक बाई होत्या, त्या पानाच्या जुन्या डबीत बांगड्या काढून ठेवायच्या. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, ते कुणाला लागत नाही. सुटताना दारात उभ्या राहून एकेक बांगडी घालायच्या आणि मगच पायरी उतरायच्या. चोवीस वर्षं. त्यांचा नवरा अजून ठणठणीत आहे, सक्करदऱ्याला दिसतो कधीकधी.

जेलनं हात फाटत असतील तर साबण आणि जेल एकापाठोपाठ लावणं बंद करा. हात मळलेले दिसत नसतील तर नुसतं जेल. साबणापेक्षा ते कातडीला मऊच पडतं. रात्री खोबरेल.

पत्र तिसरं

गुडघे बदलायचे आहेत. ऑपरेशनआधी नाकाचा स्वॅब घेतला आणि आता पाच दिवस नाकात मलम लावा, औषधी साबणानं आंघोळ करा म्हणतात. गुडघ्याच्या ऑपरेशनला नाकाचं काय?
— त्रिमूर्तीनगर

उत्तर

नाकात स्टॅफिलोकॉकस राहतो, दर तीन माणसांत साधारण एकाच्या. बहुतेक साधा असतो, कधी हट्टी. बोट नाकातून गुडघ्याकडे जायला वेळ लागत नाही, तुम्ही स्वतःवर पाळत ठेवून पाहा. २०१० मध्ये छापून आलेल्या डच अभ्यासात ज्यांच्या नाकात हा जंतू होता त्यांना म्युपिरोसिनचं मलम आणि क्लोरहेक्सिडिनचा साबण दिला, तेव्हा त्याच जंतूची दवाखान्यातली लागण ७.७ वरून ३.४ टक्क्यांवर आली. म्हणून लावा. दिवसातून दोनदा, दोन्ही नाकपुड्यांत, पाच दिवस. उरलेलं मलम पुढच्या सर्दीला वापरू नका. आणि पहिलं पत्र वाचून पोटातल्या जंतूसाठी हेच मलम मागायला जाऊ नका, त्याचा पत्ता वेगळा आहे.

पत्र चौथं

मागच्या अंकात तुम्ही हात २० सेकंद धुवा लिहिलं. माझी मुलगी नर्सिंगला आहे, ती म्हणते ४० ते ६० सेकंद. खरं काय?
— महाल

उत्तर

मुलीचं खरं. जेल असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याचं सगळं मिळून, पुसण्यासकट, ४० ते ६०. मी लिहिताना दोन्हींची सरमिसळ केली. तिला सांगा, पेपर तपासायला बसली असती तर माझा अर्धा मार्क कापायचा.